माझ्या शरीराचा गो-स्लो

४ जानेवारी, सकाळ

माझ्या शरीरातील तमाम अवयवांनो, पेशींनो आणि विशेषतः दोन्ही गुडघ्यांनो,

काल आपला अपमान झाला. माझ्या एकट्याचा नाही, आपल्या सगळ्यांचा. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, बाकांवर बसलेल्या लोकांदेखत, नर्सने आपल्याला काट्यावर उभं केलं आणि आकडा मोठ्याने वाचला. एकशे आठ. जरा हळू बोला म्हणालो, तर तिने पुन्हा वाचला, कारण लिहून घेणाऱ्या मुलीला पहिल्यांदा ऐकू आलं नव्हतं.

ही रोजनिशी आहे, सभा नव्हे, हे मला कळतं. पण आयुष्यभर बस डेपोच्या गेटवर भाषणं ठोकलेल्या माणसाला "आज लवकर उठलो" असं लिहायला जमत नाही. समोर कोणीतरी लागतं. तेव्हा तुम्हीच श्रोते.

परिस्थिती अशी. धाकट्या बहिणीच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. डायलिसिसवर आहे. तिच्या नवऱ्याला मधुमेह, त्याची चालत नाही. माझी जुळली. सर्जन म्हणाले, किडनी उत्तम आहे, तिच्याभोवतीचा माणूस जास्त आहे. नव्वदच्या आत या, मग टेबलावर घेतो. एवढ्या चरबीतून हात घालणं तुमच्या जिवाला धोक्याचं, आणि पुढे एका किडनीवर हे वजन ओढायचं म्हणजे उद्या तुम्हीच डायलिसिसला. वेळ किती आहे विचारलं. म्हणाले, तुमच्याकडे भरपूर आहे, बहिणीकडे नाही. जूनपर्यंत बघू.

अठरा किलो. याहून मोठ्या मागण्या मी मान्य करून घेतल्या आहेत.

ठराव: आजपासून खाणं निम्मं. रोज व्यायाम. एकमताने मंजूर.

४ जानेवारी, संध्याकाळ

गेट-मीटिंगमध्ये जाहीर करून टाकलं. बहिणीला किडनी देतोय. टाळ्या. दोन क्लीनर्सचे डोळे भरून आले. फिटर पक्कड (एखादी गोष्ट धरली की सोडत नाही म्हणून सगळे त्याला पक्कडच म्हणतात) मागून म्हणाला, "नेते, बहिणीला किडनी देणार की अठरा किलो देणार?" लोक हसले. हसणं हे सभा जिवंत असल्याचं लक्षण आहे.

बायकोला हे आवडलं नाही. आधी कमी करा, मग सांगा, असं तिचं म्हणणं. मी समजावलं की जाहीर केलं की माघार घेता येत नाही. ती म्हणाली, माघार कशाची, तुम्ही अजून पुढे कुठे गेलाय.

ती शिवणाच्या कारखान्यात कटिंग करते. दिवसभर उभी. तिला लढ्याचं शास्त्र माहीत नाही.

११ जानेवारी

एकशे पाच. एका आठवड्यात तीन किलो.

याच गतीने गेलो तर फेब्रुवारीतच मोकळा. बहिणीला फोन करून सांगितलं, बॅग भरून ठेव. ती म्हणाली, "दादा, घाई करू नकोस रे, मी कुठे पळून जातेय." आवाज बारीक झालाय. पण हसली.

हॉस्पिटलने एक आहारतज्ज्ञ बाई नेमून दिल्या आहेत. वय माझ्या चष्म्याएवढं. त्यांनी आनंदावर पाणी ओतलं. म्हणे, सुरुवातीला जातं ते बहुतेक पाणीच असतं. मी म्हणालो, पाणी का असेना, माझंच होतं.

२६ जानेवारी

एकशे तीन.

व्यायाम सुरू. सकाळी मैदानाला फेऱ्या. नवीन बूट, ट्रॅकसूट, मनगटावर पट्टी. ट्रॅकसूट पोटावर बसतो, पाठीवर बसत नाही.

फेऱ्या मारून आलो की अंगात वीज असते. ती वाया जाऊ नये म्हणून आडवा होतो. मग डेपोत स्टोअरच्या खुर्चीत. पूर्वी स्पेअर पार्ट काढायला स्वतः शिडीवर चढायचो. हल्ली सांगतो, तूच चढ बाबा, माझा आज व्यायाम झालाय.

८ फेब्रुवारी

एकशे दोन.

१५ फेब्रुवारी

एकशे दोन.

२२ फेब्रुवारी

एकशे दोन पूर्णांक तीन.

काटा बिघडलाय. बाथरूममधून उचलून स्वयंपाकघरात ठेवला. तिथे एकशे दोन पूर्णांक पाच. फरशीला उतार असणार. गॅलरीत ठेवला. गॅलरीत शेजारचे आजोबा बघत होते, म्हणून नीट उभं राहता आलं नाही. ते विचारत होते, कितीला घेतला काटा.

निम्मं खातोय. सकाळी एक अंडं, दुपारी उकडलेल्या भाज्या, रात्री सूप. ज्याला सूप म्हणतात त्यात एक गाजर पोहत असतं, आणि मी काठावर उभा राहून त्याच्याकडे बघत असतो. थंडी वाजते. दिवसा जांभया येतात. पोटात कावळे ओरडतात हे कमीच झालं, माझ्या पोटात त्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा भरलेली असते, आणि गणपूर्ती कायम.

आणि काटा हलत नाही. हा सरळसरळ अन्याय आहे.

१ मार्च

मार्ग सापडला. डेपोच्या स्क्रॅप यार्डात मोठा काटा आहे, जुने ब्रेक ड्रम, पितळेचे बुश, तांब्याच्या तारा तोलायचा. त्यावर उभा राहिलो. शहाण्णव.

मी तिथेच डोळे मिटून घेतले. सहा किलो घरच्या काट्याने दाबून ठेवले होते.

पक्कड शेजारी तंबाखू मळत उभा होता. म्हणाला, "नेते, हाच काटा कमी दाखवतो म्हणून आपण दोन वर्षांपूर्वी धरणं धरलं ना? भंगारवाला लुटतोय म्हणून तुम्हीच बोललात. मी तर तुमच्या पाठीशी झेंडा धरून होतो."

मी शांतपणे सांगितलं की तो आरोप पितळेच्या संदर्भात होता.

बहिणीला फोन केला, शहाण्णव. ती रडली. मी म्हणालो, रडतेस काय वेडे, फक्त सहा राहिले.

९ मार्च

हॉस्पिटलमध्ये महिन्याची तपासणी. एकशे दोन. तीच नर्स, तोच आवाज.

बहीण शेजारच्या बाकावर होती, तिचं डायलिसिस नुकतंच संपलं होतं. ती माझ्या हाताला धरून उभी राहिली आणि रिक्षापर्यंत चालत आली. मध्ये दोनदा थांबली. मला वाटलं माझ्यासाठी थांबतेय, मला धाप लागली होती म्हणून. ती स्वतःसाठीच थांबत होती.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, वन्सं कशा आहेत. मी सांगितलं, उत्तम. मग जेवलो नाही. हा दुःखाचा उपास होता, डाएटचा नव्हे. पण हिशेबात धरायला हरकत नाही.

१६ मार्च

आहारतज्ज्ञ बाईंशी चर्चा, खरं तर खडाजंगी. मी ठासून मांडलं की मी निम्मं खातो, रोज चालतो, आणि तरीही तुमचं शास्त्र माझ्या बाबतीत लागू पडत नाही, म्हणजे तुमच्या शास्त्रात खोट आहे. त्यांनी पाणी दिलं आणि शांतपणे विचारलं, दिवसभरात नक्की काय काय खाता.

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, आणि मीटिंगमध्ये?

मी म्हणालो, मीटिंगमधलं मीटिंगमधलं. चहा-बिस्किटं संघटनेच्या खात्यावर पडतात, माझ्या नाही. एका दिवसात चार-पाच मीटिंगा असतात, प्रत्येक ठिकाणी कप नाकारला तर कामगार दुखावतो. शिवाय साखर आधीच घातलेली असते, ती मी घातलेली नसते.

त्यांनी लिहून घेतलं. हसल्या नाहीत, हे मान्य करावं लागेल.

मग म्हणाल्या, हे तर आहेच. पण एवढं एकच नाही. माणूस एकदम निम्म्यावर आला की शरीर खर्च आवरतं. वजन उतरलं की लहान शरीराला चालवायला इंधनही कमी लागतं. त्यात ते आणखी काटकसर करतं. ऊब कमी करतं, म्हणून तुम्हाला थंडी वाजते. आणि तुमच्या नकळत तुमचं हलणं-डुलणं बंद करतं. सकाळी अर्धा तास चालता, मग दिवसभर बसून काढता, तर चाललेलं बसण्यात फिटतं. पूर्वी बोलताना तुम्ही हात किती हलवायचात, आता बघा.

मी हाताकडे पाहिलं. दोन्ही हात मांडीवर होते. मी, ज्याच्या हातवाऱ्यांमुळे एकदा माईकचा स्टँड आडवा झाला होता, तो मी, तासभर भांडत होतो आणि हात मांडीवर.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं.

पगार कापला तर कामगार काय करतो? काम बंद करत नाही, त्यात नोकरी जाते. तो काम मंद करतो. वेळेवर येतो, सही करतो, पाना हातात घेतो, आणि संध्याकाळपर्यंत एक नट फिरवतो. गो-स्लो. हे मीच शिकवलं आहे. या डेपोतल्या तीन पिढ्यांना मी हे शिकवलं आहे. आणि माझ्या पेशींनी इतकी वर्षं आतून माझी सगळी भाषणं ऐकली आहेत.

अभिमान वाटला. माझं शरीर संघटित आहे. एक पेशी फुटली नाही.

बसमधून घरी येताना दुसरी गोष्ट लक्षात आली. या लढ्यात मी मॅनेजमेंट आहे.

१७ मार्च

बाईंचा प्रस्ताव: एकदम निम्मं नको, थोडंसंच कमी करा. पोट भरेल असं, अंडी, डाळी, मासे, भाज्या. चहा बिनसाखरेचा. आठवड्यातून काही दिवस वजनं उचला, म्हणजे स्नायू टिकतील, नाहीतर चरबीबरोबर तेही जातात. आणि दिवसभर उठत-बसत राहा, जिने चढा, शिडी तुम्हीच चढा. आठवड्याला अर्धा किलो गेला तरी पुष्कळ. या गतीने पावसाळा संपेपर्यंत याल.

मी उपकृत होऊन बाहेर पडलो आणि जिन्यातच विचार केला. आठवड्याला अर्धा किलो म्हणजे तडजोड. तडजोडवाद्यांनी जगातल्या किती चळवळी बुडवल्या ते मी वाचलं आहे. तरी ऐक्यासाठी करून बघू.

१४ एप्रिल

शंभर.

हे तडजोडीचं खाणं काम करतंय, हे मान्य करायला जड जातंय. स्टोअरची शिडी मीच चढतो. पोरं म्हणतात, नेते तरुण झाले. बायको संध्याकाळी कारखान्यातून येते तेव्हा तिला आणायला चालत जातो. तिथे बघितलं. लांबच लांब टेबल, त्यावर कापडाचे थर, आणि ती त्या टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कात्री घेऊन जाते, परत येते, परत जाते. कधीपासून असं चालू आहे विचारलं. ती म्हणाली, लग्नाआधीपासून.

तिच्या अंगावर मांस का नाही ते आज कळलं.

५ मे

शंभर.

गेले तीन आठवडे मीटिंगांचा हंगाम आहे. डेपोचं कॅन्टीन मॅनेजमेंटने बंद केलं. ठेकेदार परवडत नाही म्हणे. ड्रायव्हर आठ तास गाडी हाकून येतो आणि त्याला गेटबाहेर उभ्याने पाव खावा लागतो. हे मी सहन करणार नाही. रोज बोलतोय, रोज कप, रोज बिस्किटं. व्यायाम मागे पडला, पण तो आंदोलनामुळे, आळसामुळे नव्हे. फरक आहे.

बहिणीच्या डायलिसिसच्या नळीला जंतुसंसर्ग झाला. ताप आहे. ॲडमिट केलंय. भाऊजींनी फोनवर विचारलं, दादा, तुमचं कुठवर आलं? मी म्हणालो, अंतिम टप्प्यात. त्यांनी बरं म्हणून ठेवला. त्यांच्या त्या "बरं"ने दिवसभर पाठ सोडली नाही.

सर्जननी शेवटची तपासणी ३ जूनला ठेवली आहे. दहा किलो. अर्ध्या-अर्ध्या किलोने हे होणार नाही. तडजोडीचं काय होतं ते बघितलंत ना.

२४ मे

क्रांतिकारक कल्पना. आधी कशी सुचली नाही?

कॅन्टीनसाठी आमरण उपोषण. स्वतः मी. कामगारांना कॅन्टीन, बहिणीला किडनी. एकाच मंडपात दोन लढे. तपासणीच्या आधी आठवडाभर पूर्ण उपास म्हणजे वजन असं कोसळेल की नर्सचा आवाज बसेल.

शरीर गो-स्लो करतंय ना? मग मी टाळेबंदी करतो.

हेतूचा दुसरा भाग कोणाला सांगितला नाही. कमिटीत ठराव मांडला तेव्हा पक्कड माझ्याकडे टक लावून बघत होता. म्हणाला, साखळी उपोषण करू, आम्ही पाळीपाळीने बसतो, तुम्हाला आता ते जमायचं नाही. मी म्हणालो, साखळी नको, मीच. त्याला वाटलं मी त्यागी आहे.

२८ मे, मंडप, सकाळ

बसलो. गेटसमोर ताडपत्री, गादी, लोड, मागे बॅनर. बायको कारखान्यात जाता जाता थांबली. लोड नीट केला आणि हळूच विचारलं, आहारवाल्या बाईंना विचारलंत का. मी म्हणालो, हा राजकीय प्रश्न आहे.

२९ मे, मंडप

पाणी कमी पितोय. संडास यार्डाच्या पलीकडे आहे आणि उपोषणाला बसलेला नेता दर थोड्या वेळाने उठून तिकडे धावताना दिसला तर लढ्याचं तेज कमी होतं. बोलतो मात्र भरपूर. घसा कोरडा. पण काय बोललो! ड्रायव्हर रडले. कंडक्टर रडले. मॅनेजमेंटचा शिपाईसुद्धा आडोशाला उभा राहून ऐकत होता.

३१ मे, मंडप

पंच्याण्णव. स्क्रॅप यार्डाच्या नव्हे, पोरांकडून घरचा काटा मागवला होता. पंच्याण्णव!

बहिणीचा फोन, हॉस्पिटलमधून. कोणीतरी तिला सांगितलं. "दादा, तू माझ्यासाठी उपाशी बसलायस?" मी म्हणालो, छे, कामगारांसाठी. ती म्हणाली, लहानपणी तू माझ्या ताटातलं खायचास आणि तू खाल्लंस असं मी आईला कधी सांगायचे नाही. आता एवढं तरी ऐक, पाणी पी.

मी एक घोट प्यायलो.

२ जून, मंडप, दुपार

घात झाला.

मॅनेजमेंटने मागणी मान्य केली.

मॅनेजरसाहेब स्वतः पत्र घेऊन आले. कॅन्टीन आजपासून सुरू, ठेकेदार बदलला, दर जुनेच. गेटवर जल्लोष. मी पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, त्यात एक तरी फट शोधत होतो. म्हणालो, लेखी हमी हवी. पक्कड म्हणाला, नेते, हे लेखीच आहे. मी म्हणालो, भाषा उद्धट आहे, माफी हवी. मॅनेजरसाहेबांनी तिथेच माफी मागितली. म्हणालो, कॅन्टीनच्या भिंतींना रंग हवा. ते म्हणाले, कोणता?

सगळे माझ्याकडे बघत होते. पक्कड जवळ वाकला. "नेते, सगळं दिलंय त्यांनी. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

मनात आलं, अजून चार किलो. आणि मी पेल्यासाठी हात पुढे केला.

फळांचा रस पाजला. मिरवणूक काढून कॅन्टीनमध्ये नेलं. पहिली प्लेट नेत्याची. कामगारांचा मान. पहिली मान म्हणून खाल्ली. दुसरी ठेकेदार दुखावू नये म्हणून. तिसरीचं कारण आठवत नाही.

३ जून

हॉस्पिटल. सत्त्याण्णव.

सत्त्याण्णव हा काही वाईट आकडा नाही, असं मी सर्जनना सांगत होतो, पण ते वजनाच्या कागदाकडे बघतच नव्हते. रक्ताचा रिपोर्ट बघत होते. माझं क्रिएटिनिन वाढलंय. म्हणजे किडनीवर ताण आहे. त्यांनी विचारलं, गेल्या आठवड्यात काय केलंत. मी सांगितलं.

त्यांनी रिपोर्ट खाली ठेवला. मग म्हणाले, पाणी न पिता उपास केलात, किडनी कोरडी पडली, बहुतेक काही दिवसांत ती सावरेल. वजन गेलं ते पाणी आणि स्नायू, चरबी थोडीच. दोन आठवड्यांत बरंचसं परत येईल. पण मी तुम्हाला आता टेबलावर घेणार नाही. वजन हळू कमी करून निदान तीन महिने तिथेच टिकवून दाखवा. तोवर नाही.

मी म्हणालो, बहिणीकडे तीन महिने नाहीत.

ते म्हणाले, मला माहीत आहे.

मी बोलायला सुरुवात केली. त्याग, रक्ताचं नातं, इतिहास. सगळं चांगलं जमलं होतं. त्यांनी मध्येच थांबवलं नाही. संपल्यावर पुढच्या पेशंटला बोलावलं.

११ जून

नव्याण्णव.

बहिणीला घरी आणलं. पाय सुजलेत. पाणीही मोजून पिते. तिच्यासमोर बसलो होतो. म्हणालो, सप्टेंबरपर्यंत मी नक्की करतो. तिने मान हलवली, जशी मी मॅनेजमेंटच्या आश्वासनांना हलवतो.

घरी येऊन बायकोला नवा कार्यक्रम सांगितला. ती भाजी चिरत होती. उभ्यानेच. सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "अहो, वन्संना किडनी पाहिजे. ती तुमचीच पाहिजे असं त्या कुठे म्हणाल्यात?"

मी म्हणालो, मग कोणाची? ती म्हणाली, माझा रक्तगट चालतो. कालच आहारवाल्या बाईंना विचारलं, त्यांनी सर्जनांना विचारलं. सोमवारी तपासणीला बोलावलंय.

आणि पुन्हा सुरी घेतली.

१२ जून

विरोध नोंदवला. तोंडी आणि लेखी. तू बारीक आहेस. तू दिवसभर उभी असतेस. तुला काही झालं तर. मी जाहीर केलंय, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, बारीक आहे आणि उभी असते, म्हणूनच चालेल म्हणाले. आणि लोकांचं तुम्ही बघा, तुम्हाला जमतं.

१९ जून

तिच्या सगळ्या तपासण्या पार पडल्या. नर्सने वजन वाचलं, चोपन्न. कॉरिडॉरमध्ये कोणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

पक्कडला सांगावं लागलं. त्याच्याकडून टोमण्याची अपेक्षा होती. तो म्हणाला, वहिनींना आठ-दहा आठवडे जड उचलता येणार नाही, पाण्याची बादली मी वर आणून देत जाईन. मी म्हणालो, मी आहे की. तो म्हणाला, तुमचा दुसरा मजला आहे, नेते.

२३ जून

बहिणीने भेटायला बोलावलं, एकट्याला. मला वाटलं, तिलाही हे मान्य नसणार, ती वहिनीला नकार देईल आणि माझी वाट बघेल. पायऱ्या चढताना मी तिच्यासाठी समजुतीचं भाषण तयार करत होतो, आणि खोटं का बोला, त्या भाषणात मी तिचं म्हणणं शेवटी मान्य करत होतो.

तिने हात धरला. "दादा, वहिनीला नाही म्हणू नकोस. मला जगायचंय रे."

एवढंच. हात बर्फासारखा होता.

२६ जून, दुपार

शंभर पूर्णांक दोन.

ऑपरेशन परवा. अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे मुलाखत झाली. दात्याच्या नवऱ्याची संमती लागते. कागद समोर टेबलावर आहेत. बायको आत बॅग भरतेय. तिची साडी, चप्पल, माझा चष्मा पुसायचं फडकं, हे तिने का घेतलं कोणास ठाऊक.

सही करायला बसलो आणि सकाळपासून बसलोच आहे. हात मांडीवर. आधी वाटलं, अजून सहा आठवडे मागावेत. मग वाटलं, एक शेवटची अट घालावी. मग कागद पुन्हा वाचला. दाता या रकान्यात मी जानेवारीपासून माझं नाव पाहत होतो. तिथे तिचं आहे. माझ्यासाठी खाली एक ओळ आहे, तिच्यावर पेनाने लहानशी फुली केलेली.

माझ्या शरीरातील तमाम पेशींनो, तुमचा लढा न्याय्य होता, तो पुढे बघू. आज तुमच्याशी बोलत नाही. आज त्या माणसाशी बोलतोय ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांकडून हात वर करून घेतले.

नेते, सभा संपली आहे. गेटवर कोणी नाही. आत एक बाई बॅगेची चेन लावतेय आणि तिकडे एक बाई तुमच्या सहीसाठी श्वास रोखून बसली आहे. माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे, आणि ती विनाअट आहे.

पेन उचला. फुलीपुढे सही करा.